भुईगावची पुळण

वसईला जातो असे मुंबईत कोणाला सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक चिमाजीअप्पांनी घेतलेला किल्ला आणि दुसरी विरारची लोकल. किल्ला मराठ्यांनी 1739 साली एकदाच सर केला. लोकल मात्र रोज सकाळी सर करावी लागते, आणि तिच्या दारात लढणाऱ्या वीरांची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही. या दोन्ही रणभूमींच्या पलीकडे आणखी एक वसई आहे. ती स्टेशनाच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला पसरली आहे. केळीच्या बागा, भाजीचे वाफे, विहिरी, देवळे, चर्च आणि वाड्यांमधून वाकडेतिकडे धावणारे अरुंद रस्ते अशी ती वसई पाहायची असेल, तर वसई रोडला उतरून भुईगावची बस धरावी.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली तर उत्तम; न मिळाली तरी बिघडत नाही. माणिकपूरच्या इमारती मागे पडेपर्यंत पाहण्यासारखे फार नसतेच. मग एकाएकी हवा बदलते. डाव्या-उजव्या हाताला नारळी दिसू लागतात, कुंपणावरून जास्वंद डोकावते, आणि आतापर्यंत शहरी थाटात भांडणारा कंडक्टर उतरणाऱ्या आजीबाईंची भाजीची पाटी स्वतः खाली उतरवून देतो. आजीबाई त्याला ज्या भाषेत आशीर्वाद देतात, ती निम्मी आपल्याला कळते आणि निम्मी कळत नाही. ही इथल्या सामवेदी ख्रिस्ती मंडळींची कादोडी बोली. पोर्तुगीज 1534 साली इथे आले आणि दोनशे पाच वर्षे राहून गेले. त्यांच्या काळात पुष्कळांचा धर्म बदलला; पण वाडी बदलली नाही, आणि विळ्याची धारही बदलली नाही. आडनाव पोर्तुगीज आणि बोलणे मराठी, हा जो सुरेख संसार इथे चारशे वर्षे चालला आहे, त्याच्याकडे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचे लक्ष जरा उशिराच गेले.

भुईगाव हे नावच मला आवडते. गावाने भुईशी नाते सांगावे यापरते बरे काय! गाव संपते तिथे सुरूची झाडे लागतात, आणि सुरू संपतात तिथे पुळण. ओहोटी लागली की ही पुळण दूरवर उघडी पडते. ओल्या वाळूचा तो पट्टा टणक, सपाट आणि गार असतो. समुद्र दिवसातून दोनदा येऊन तो स्वच्छ धुऊन देतो. एवढे मोठे मैदान, आणि त्याला ना कुंपण, ना भाडे, ना अध्यक्ष, ना उद्‌घाटन! रविवारी मुंबईची मंडळी येऊन तिथे काय काय टाकून जातात तो विषय निराळा. दिवाळीच्या दिवसांत त्याने तोंड कडू करू नये.

मी गेलो तो दिवस मे महिन्यातला होता. ऊन उतरले होते. पंधरा-वीस पोरे कबड्डी खेळत होती. मध्यरेषा आणि निदानरेषा पायाच्या अंगठ्याने ओढलेल्या. गावातले एक निवृत्त गृहस्थ लुंगी खोचून पंचगिरी करीत होते. त्यांच्या पंचगिरीत शिट्टीपेक्षा शिव्या जास्त होत्या, आणि त्या शिव्यांत माया जास्त होती. ज्याच्यासाठी मी आलो होतो तो पोरगा चढाईला गेला, तेव्हा मला खेळातले फारसे कळत नसतानाही कळले, की हा निराळा आहे. चौघांच्या मधून तो असा निसटला, की ओल्या हातातून साबणाची वडी निसटावी.

त्याचे नाव मी सांगत नाही. बारावी पास झालेल्या मुलाच्या डोक्यावर आधीच बरेच ओझे असते. त्यात आपल्या दिवाळी अंकाची भर नको. त्याची थोरली बहीण माझी विद्यार्थिनी. मराठी घेऊन बी. ए. झाली, वर्गात दुसरी आली. तिने निरोप धाडला होता : "सर, घरी एकदा याच. घरात दोन तट पडलेत, आणि दोन्ही तटांना वाटतं, की तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात."

भांडण एका पत्रावरून होते. मुंबईतल्या एका महाविद्यालयाने मुलाला बोलावले होते. तीन वर्षांची फी माफ, वसतिगृहात जागा, दोन वेळचे जेवण, बूट-कपडे, आणि वर दरमहा आठ हजार रुपये. हे पैसे महाविद्यालयाच्या पेटीतून यायचे नव्हते. तिथूनच शिकून गेलेले आणि आता मोठे कारखानदार झालेले एक गृहस्थ ते देणार होते. त्यांना आपल्या महाविद्यालयाचा संघ विद्यापीठात पहिला आलेला पाहायचा होता. पत्राच्या दुसऱ्या पानावर दोन अटी होत्या. तीन वर्षे परवानगीवाचून दुसऱ्या कोणत्याही संघातून खेळायचे नाही, ही पहिली. दुसरी अशी, की संघातून नाव वगळले गेले, तर त्या सत्रापासून सगळ्या सवलती बंद.

वडील म्हणत होते, जाऊ द्या. हा माणूस रात्री दोनला उठून भाजी बांधतो आणि पहाटे दादरला नेतो. आठ हजार म्हणजे काय ते त्याला विचारावे. आजोबा म्हणत होते, नको. इथल्याच महाविद्यालयात शिकावे, पुळणीवर खेळावे, मंडळाचा संघ सोडू नये. आई काहीच म्हणत नव्हती. ती पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती. बहीण मात्र चहा देता देता एवढेच म्हणाली, "मला त्याच्यापेक्षा पंधरा टक्के जास्त होते, सर. माझी फी कोणी माफ केली नाही."

ताटलीत सुकेळी आली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला हा वसईचा मेवा तोंडात असला, की माणसाला लगेच मत देण्याची घाई राहत नाही. मी त्याचा फायदा घेतला आणि विचार करू लागलो.

खेळाडूला श्रीमंताने पोसावे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्ल पोसले आणि त्यांच्यासाठी खासबागेचे मैदान बांधले. विश्वविद्यालयांच्या क्रिकेट सामन्यांना जो चषक 1935 सालापासून दिला जातो, तो मुंबईच्या बारिया नावाच्या एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलाच्या, रोहिंटनच्या, स्मरणार्थ दिला. गेलेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्यांची मुले खेळावीत, ही इच्छा किती थोर! पण माझ्या मते महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासातले सर्वांत मोठे दान एका श्रीमंताचे नाही, एका प्राचार्याचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. 1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. 1952 साली हेलसिंकीला जायचे, तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड जिंकले आणि त्या पैशातून गुरूचे घर सोडवले.

आता पाहा, यात पैसा आहेच. सात हजार रुपये ही 1952 साली लहानसहान रक्कम नव्हती. पण त्या पैशाला अटीचे दुसरे पान नव्हते. खाशाबा हरून आले असते तर खर्डेकरांनी त्यांना घराबाहेर काढले असते काय? घरच राहिले नसते म्हणा!

आणि इतके लांब कशाला जायचे? याच पश्चिम रेल्वेच्या रुळांवर दोन गोष्टी घडल्या आहेत. पालघरचा शार्दूल ठाकूर. त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेच्या दिनेश लाड सरांनी आपल्या शाळेत आणले. आणि पालघरहून येण्याजाण्यातच मुलाचा दम निघेल म्हणून त्याला आपल्या घरात ठेवून घेतले. त्याच सरांनी त्याआधी रोहित शर्माची फी माफ करवून घेतली होती. दुसरा विरारचा पृथ्वी शॉ. आई लहानपणीच गेलेली. वडिलांचा हात धरून तो क्रिकेटची भलीमोठी पिशवी घेऊन विरारहून वांद्र्यापर्यंत लोकलने येई. वांद्र्याच्या रिझवी शाळेकडून हॅरिस ढालीच्या सामन्यात नोव्हेंबर 2013 मध्ये त्याने एका डावात 546 धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याभोवती मदतीचा आणि करारांचा मेळा भरला. एकाला सरांचे घर मिळाले, दुसऱ्याला चौदाव्या वर्षी बाजारभाव कळला. दोघेही भारताकडून खेळले. तेव्हा एक मार्ग पुण्याचा आणि दुसरा पापाचा, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

कबड्डीचा बाजार त्या मानाने उशिरा भरला. आपल्या लहानपणी कबड्डीपटूचे स्वप्न म्हणजे बँकेत, रेल्वेत, पोलिसांत किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी. दिवसा खुर्ची, संध्याकाळी मैदान, आणि साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन. महाराष्ट्र सरकारने 2005 साली खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखल्या, तेव्हा त्या स्वप्नाला शासकीय शिक्का मिळाला. मग 2014 साली प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2019 साली चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 1 कोटी 45 लाखांना गेला. 2023 साली पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. ज्या खेळाला आपण मातीतला खेळ म्हणून कौतुकाने पाठ थोपटत होतो आणि तिकीट मात्र काढत नव्हतो, त्या खेळाने नऊ वर्षांत एवढी चढाई केली. खेळाडूला पैसा मिळाला म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला तर मुळीच नाही.

प्रश्न महाविद्यालयाचा आहे. बाजारात बाजाराचे नियम चालावेत. पण विद्यार्थी म्हणून ज्याला आपण हजेरीपटावर घेतो, त्याचा भाव ठरू लागला की काय होते? हे पाहायचे तर सातासमुद्रापलीकडे जावे लागते, कारण तो प्रयोग अमेरिकेत पूर्णत्वाला गेला आहे.

तिथे महाविद्यालयांमधला पहिला सामना 1852 साली झाला. हार्वर्ड आणि येल यांच्या नावांची शर्यत होती, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला. तळ्याकाठी प्रवासी यावेत म्हणून! म्हणजे पाळण्यातच पाय दिसले होते. पुढे 1906 साली अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने प्रिन्स्टन विद्यापीठाला नाव वल्हवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक अख्खे तळे बांधून दिले. त्यांना फुटबॉलचा तिटकारा होता. विद्यापीठाचे प्रमुख तेव्हा वुड्रो विल्सन होते; त्यांना पैसा अध्यापनासाठी हवा होता. मिळाले तळे. देणाऱ्याचा हात मोठा असला, की घेणाऱ्याला काय हवे हे विचारायचे राहून जाते.

तरीही शंभर-दीडशे वर्षे तिथे एक सोवळे पाळले गेले. प्रेक्षागृहे लाखालाखांची, शिक्षकांचे पगार कोटींचे, पण खेळणाऱ्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीवर पै घेता कामा नये. हे ढोंग न्यायालयात टिकले नाही. 1 जुलै 2021 पासून खेळाडूला आपल्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी मंडळे काढून खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली. टेक्सास टेक विद्यापीठाचे माजी खेळाडू आणि तेलाचे व्यापारी कोडी कॅम्बेल यांनी असेच एक मंडळ उभे केले. 2024 साली सॉफ्टबॉल खेळणाऱ्या निजारी कॅनडी या मुलीला त्या मंडळाने एका वर्षासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक देऊ केले. 6 जून 2025 रोजी न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली. आता विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. 2025-26 या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलरांची मर्यादा घातली गेली. जुन्या खेळाडूंना 280 कोटी डॉलर भरपाई मिळायची, ती निराळी.

ज्याने घाम गाळला त्याला मोल मिळाले. न्याय झाला. पण पैसा आला तो फुटबॉलच्या आणि बास्केटबॉलच्या वाटेने, आणि खर्चाची कात्री चालली दुसरीकडेच. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये पोहण्याचे संघ बंद केले, आणि कारणांत या तडजोडीचा बोजा सांगितला. पोहणाऱ्या मुलामुलींनी कोणाचे काय घोडे मारले होते? त्यांना पाहायला कोणी तिकीट काढत नव्हते, एवढेच.

आपल्याकडे अजून गोष्ट इतकी पुढे गेलेली नाही. पण वारा त्याच दिशेचा आहे. केंद्राच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. तो सरकारी पैसा, आणि चांगला पैसा. पण विद्यापीठांच्या स्पर्धांकडे पाहा. 2020 साली भुवनेश्वरला पहिले खेलो इंडिया विद्यापीठ खेळ झाले, तेव्हा चंदीगडचे जुने पंजाब विद्यापीठ पहिले आले. पुढच्या खेपेस, 2022 साली, बंगळूरच्या जैन विद्यापीठाने पहिला क्रमांक पटकावला. हे विद्यापीठ खासगी. त्यानंतर चंदीगड विद्यापीठ या दुसऱ्या खासगी संस्थेचे नाव वर येऊ लागले. या संस्था देशभरातून खेळाडू निवडतात, त्यांची फी माफ करतात, त्यांना शिक्षक आणि साधने देतात. यात गैर काही नाही. उलट आमच्या अनुदानित महाविद्यालयांना जे जमले नाही ते त्या करतात. पण विजेत्याच्या फलकावर ज्या संस्थेचे नाव लागते, तिने तो खेळाडू घडवलेला असतो की निवडलेला, हा प्रश्न फलकावर लिहिलेला नसतो.

इतका सगळा विचार, अर्थात, एका सुकेळ्यात होत नाही. तिसरे संपले तेव्हा आजोबा उठले आणि म्हणाले, "चला सर, वाडी दाखवतो."

वाडीच्या कडेला एक मोठा खड्डा होता. तळाशी भेगाळलेला चिखल, कडेला वाळलेले गवत. मला वाटले, मुरूम काढून नेला असेल. आजोबा हसले. "हे बावखल," ते म्हणाले. वसईच्या बाहेर हा शब्द फारसा कोणाला ठाऊक नसावा. बावखल म्हणजे वाडीत राखलेले उथळ तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, तिथून जमिनीत मुरते, आणि शेजारच्या विहिरीला झरे फुटतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही भुईगावच्या विहिरीचे पाणी गोड का, याचे उत्तर त्या खड्ड्यात होते.

"आमच्या विहिरी एकदा विकल्या गेल्या," आजोबा सांगू लागले. ही हकीकत वसईत सर्वांना ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस स्टेशनाच्या बाजूला इमारतींवर इमारती उठल्या. त्यांना पाणी नव्हते. मग गावांच्या विहिरींवर टँकर आले. एका टँकरचे जे पैसे मिळत, तेवढे भाजीची पाटी महिनाभर वाहूनही मिळत नसत. कित्येकांनी पाणी विकले. टँकर रात्रंदिवस उपसत राहिले, गोडे पाणी खाली गेले, आणि त्याच्या जागी समुद्राचे खारे पाणी आत शिरले. केळी करपली, पानवेली गेल्या. लोक रस्त्यावर आले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले, हरित वसईची चळवळ झाली. त्या चळवळीची आठवण काढताना आजोबांचा आवाज चढला.

"पाणी विकलं म्हणून मी कोणाला वाईट म्हणत नाही," ते म्हणाले. "घरात लग्न असतं, दुखणं असतं. पण सर, टँकरवाला विहिरीचे पैसे द्यायचा. बावखलाचे कोणी दिले? विहीर दिसते, तिला भाव येतो. बावखल म्हणजे नुसता खड्डा. पैसे आले तशी लोकांनी बावखलं बुजवली आणि त्यांच्यावर घरं बांधली."

मग त्यांनी सुरूच्या दिशेने हात केला. पोरांचा कालवा तिथवर ऐकू येत होता. "माझा नातू विहीर आहे. त्याला भाव आलाय. येऊ दे. पण तो ज्याच्यामुळे भरला ते तिकडं आहे. त्याचं कोण बघणार?"

मी तीस वर्षे पुस्तके वाचतो आहे, आणि वीस वर्षे ती शिकवतो आहे. महाविद्यालय, देणगीदार आणि खेळाडू यांच्या नात्याचा इतका नेमका हिशेब मला कोणी सांगितला नव्हता. लुंगी खोचून शिव्या देणारे ते पंच, गावच्या शाळेचा मैदानाचा तास, पकड करताना तोंडात वाळू जाणारी ती चौदा-पंधरा मुले, ज्यांना कोणीही पत्र पाठवणार नाही; हे सगळे बावखल. आमचे वसईचे साधे महाविद्यालयही बावखलच. तिथला जिमखाना म्हणजे एक खोली, एक कपाट आणि त्या कपाटाची हरवलेली किल्ली. पण त्या खोलीतून दरवर्षी दोनशे मुले मैदानात उतरतात, आणि त्यातली एकशे नव्याण्णव पुढे आयुष्यभर कारकून, शिक्षक, शेतकरी, परिचारिका होतात. खेळाने त्यांना हरायला शिकवलेले असते. त्याला लिलावात बोली लागत नाही.

घरी परतलो तेव्हा आई प्रथमच बोलली. तिने पत्राच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, ह्याचा पाय मोडला तर?"

सगळे गप्प झाले. वडिलांनी आठ हजारांचा हिशेब केला होता, आजोबांनी पाण्याचा. पोराच्या पायाचा हिशेब आईनेच करायचा होता. पाय मोडला, तर संघातून नाव जाणार. नाव गेले, तर त्या सत्रापासून फी, खोली, जेवण, सगळे बंद. म्हणजे ज्या दिवशी मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी मदत संपणार. कारखान्यातल्या कामगारालाही आज याहून अधिक आधार असतो. विद्यार्थी म्हणायचे आणि विद्यार्थ्याची माया द्यायची नाही, खेळाडू म्हणायचे आणि कामगाराचा हक्क द्यायचा नाही. असा दोन्ही दगडांवरचा पाय अमेरिकेत शंभर वर्षे चालला, आणि शेवटी न्यायालयात घसरला. आपण तो आता कुठे ठेवतो आहोत. आपल्याला आधी दुरुस्त करता येईल.

मग आम्ही त्याच टेबलावर पत्र लिहायला बसलो. मजकूर मी सांगितला, अक्षर बहिणीचे, कारण तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. तीन विनंत्या केल्या. खेळताना इजा झाली तर उपचाराचा खर्च महाविद्यालयाने करावा. संघातून नाव गेले, तरी पदवी होईपर्यंत फीची माफी चालू राहावी. आणि सुट्टीच्या दिवसांत मुलाला भुईगावात येऊन मंडळाच्या संघात खेळता यावे. मुलाने सही केली. तोवर तो एक शब्द बोलला नव्हता. सही करून झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, तिथे मॅट आहे. मला मॅटवर पाय सरकतो. आमच्यातलं कोणीच कधी मॅटवर खेळलेलं नाही." त्याला आठ हजारांचे काही वाटत नव्हते, त्याला त्या गादीवर एकदा नीट उभे राहायचे होते. मोठ्या माणसांच्या वादात मूळ माणसाला काय हवे ते बहुधा शेवटीच कळते.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. उपचाराचा खर्च मान्य. सुट्टीतला खेळ मान्य, मात्र स्पर्धेचे दिवस सोडून. फीच्या माफीबद्दल मात्र हा धोरणाचा प्रश्न आहे, असे लिहिले होते. धोरण या शब्दाचा अर्थ आमच्या क्षेत्रात नाही असा होतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. वडिलांनी मार्ग काढला. दरमहाच्या आठ हजारांतले तीन हजार बँकेत बाजूला पडतील; पाय मोडो वा न मोडो, शेवटच्या वर्षाची फी घरात तयार राहील. आजोबांनी मान हलवली. ती होकाराची की हताशेची, हे मला ओळखता आले नाही. जून महिन्यात पोरगा मुंबईला गेला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात दिवाळीच्या सुमारास जुन्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे देणगीचे आवाहन येते. आपण तेलाचे व्यापारी नसलो, तरी कुवतीप्रमाणे शंभर, पाचशे, हजार देतो. कोणी अधिक भाग्यवान असेल तर एखादा चषक ठेवतो. चषकावर नाव कोरता येते, विजेत्याबरोबर छायाचित्र निघते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. त्या मोठ्या कारखानदार गृहस्थांनाही मी दोष देत नाही. भाजीवाल्याच्या मुलाला त्यांनी दार उघडून दिले, हे उपकारच आहेत. फक्त देताना एकदा बावखलाची आठवण ठेवावी. गुणी मुलाला शोधून काढायला हल्ली पुष्कळ डोळे टपलेले असतात. दुसऱ्या फळीतल्या मुलाला बूट, शाळेच्या खेळशिक्षकाला मान, मुलींच्या संघाला कपडे बदलायला एक खोली, यांसाठी पत्रे येत नाहीत. तिथे दिलेला पैसा दिसत नाही, कारण तो मुरतो.

परवा बहिणीचा फोन आला होता. पाऊस चांगला झाला, बावखल काठोकाठ भरले. भाऊ पहिल्या सुट्टीत येऊन गेला. मुंबईत त्यांच्या महाविद्यालयाने नवी मॅट घेतली, आणि जुनी फाटकी कोपऱ्यात पडून होती. ती त्याने तिथल्या सरांकडून मागून घेतली. तिचे तुकडे वडिलांच्या भाजीच्या टेंपोतून, परतीच्या फेरीत, भुईगावला आले. पंचांनी ते शाळेच्या पडवीत अंथरले आहेत. सगळे मिळून पुरे मैदान होत नाही, अर्धेच होते. तेव्हा पोरे पाळीपाळीने मॅटवर चढाई करतात, आणि पकड करणारे अजून भुईवरच उभे असतात.